व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरशी संसार

बटण दाबल्यावर आवाज यायला अर्धं मिनिट लागतं, ही व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची पहिली ओळख. दुसरी ओळख विजेच्या बिलात होते आणि तिसरी मे महिन्यात, पंखा फुल असूनही खोलीचा एक कोपरा धगधगत राहतो तेव्हा. तरीही लोक ही यंत्रं हौसेनं घरात आणतात. काही जण तर धडधाकट चालणारा ट्रान्झिस्टरचा सेट विकून आणतात. हौसेला मोल नसतं म्हणतात. हिशेब मात्र असतो, आणि तो घेण्याआधी मांडलेला बरा.

आपल्याकडे हा प्रकार काही नवा नाही. ज्यांच्या घरी मर्फी किंवा फिलिप्सचा लाकडी पेटीचा रेडिओ होता त्यांना ‘सेट जरा तापू दे’ हे वाक्य आठवत असेल. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. रेडिओला लागणारे व्हॉल्व्ह १९६१ पासून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार होऊ लागले. १९५५ च्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा स्टुडिओतल्या यंत्रांपासून माजघरातल्या रेडिओपर्यंत प्रत्येक टप्प्यावर आवाज मोठा करण्याचं काम व्हॉल्व्हच करत होते. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेच्या बाजारात येऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. आज घरात कुठे व्हॉल्व्ह उरला असेल तर तो बहुधा मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये. त्यातला मॅग्नेट्रॉन ही याच कुळातली निर्वात नळी आहे.

नळीचं काम समजायला सोपं आहे. काचेतली हवा काढून घेतलेली असते. मधोमध कॅथोड, त्याच्या पोटात त्याला तापवणारा हीटर, बाहेरून प्लेट आणि दोन्हींच्या मध्ये बारीक तारेची जाळी, म्हणजे ग्रिड. कॅथोडवर बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप असतो. तो तापून लालसर झाला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तीन-चारशे व्होल्टवर बसलेल्या प्लेटकडे धावतात. ग्रिडला थोडा ऋण दाब दिला की ही धाव आवरली जाते. शेतातल्या पाटाला आडवी लावलेली फळी बोटभर वरखाली केली की पुढच्या वाफ्यांचं सगळं पाणी कमीजास्त होतं, तसा ग्रिडवरचा गाण्याचा क्षीण सिग्नल प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह हलवतो. दोन इलेक्ट्रोडची नळी जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंगनं १९०४ मध्ये केली, ग्रिड तिच्यात घातली ली डी फॉरेस्टनं १९०६ मध्ये.

१९४७ हे साल या गोष्टीत मोठं गमतीचं आहे. त्या वर्षी इंग्लंडच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसनचं सर्किट छापून आलं आणि घरगुती अ‍ॅम्प्लिफायर किती निर्मळ असू शकतो हे जगाला कळलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या आरसीए कंपनीनं १२एएक्स७ ही छोटी नळी विक्रीला आणली. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला. म्हणजे नवरदेव बोहल्यावर चढतोय आणि त्याची जागा घेणाराही त्याच मांडवात हजर. ट्रान्झिस्टर पुढे जग जिंकून बसला, पण ती १२एएक्स७ आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधल्या कारखान्यांत तयार होते. मोठा आधार गिटारवाल्यांचा. त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरनी नळ्यांचे कारखाने जिवंत ठेवले आणि आपण घरगुती श्रोते त्या पंगतीत जेवतो.

आता एक खरं यंत्र समोर घेऊ: डायनाको स्टिरिओ ७०. फिलाडेल्फियाच्या डेव्हिड हॅफलरनं १९५९ मध्ये ते बाजारात आणलं. तयार मिळायचं, तसंच सुट्या भागांचा संच म्हणूनही. संचाची किंमत शंभर डॉलरला पाच सेंट कमी. छोटा सर्किट बोर्ड जोडलेला यायचा, बाकीची जोडणी मालकानं पुस्तिका बघून संध्याकाळी घरी करायची. तीन लाखांहून जास्त नग खपले. एका चॅनेलला ३५ वॅट, मागे वजनदार ट्रान्सफॉर्मर, पुढे चार ईएल३४ नळ्या, त्यांना हाकणाऱ्या दोन ७१९९ आणि एसीचं डीसी करणारी एक जीझेड३४. आज विकले जाणारे कित्येक महागडे सेट झाकण उघडून पाहिले तर याच घराण्यातले निघतात.

याचा उष्णतेचा हिशेब करू. ईएल३४ च्या हीटरला ६.३ व्होल्टवर दीड अँपिअर लागतो, म्हणजे सुमारे साडेनऊ वॅट. चार नळ्यांचे ३८ वॅट झाले, आणि हे नुसतं तापत ठेवायला. त्यावर प्रत्येक नळीतून गाणं सुरू नसतानाही ५० मिलिअँपिअर वाहत असतात, चारशे व्होल्टच्या आसपास. ते नळीमागे २० वॅट, म्हणजे चौघींचे ऐंशी. गाणं वाजो न वाजो, सव्वाशेच्या घरातली वॅट खोलीत उष्णता म्हणून पडत राहतात. ट्रान्सफॉर्मर आणि बाकीच्या नळ्यांचा वाटा धरला तर त्याहून जास्त. दीडशे वॅट, रोज दोन तास धरले तर महिन्याला नऊ युनिट. बिल काही कुणाला रस्त्यावर आणणार नाही. पण शोकेसमध्ये, काचेआड किंवा दोन पुस्तकांच्या रांगांमध्ये हे यंत्र ठेवता येत नाही, वर आणि बाजूला मोकळी हवा लागते. घरात ‘हॉलमध्ये हे भट्टीसारखं काय ठेवलंय’ या प्रश्नाचं उत्तरही तयार ठेवावं लागतं.

एवढं करून मिळतात किती, तर पस्तीस वॅट. सिंगल-एंडेड पद्धतीचा, म्हणजे एकाच पॉवर नळीवर चालणारा ३००बीचा सेट घेतला, जो जपानी शौकिनांनी पुन्हा प्रतिष्ठेला आणला, तर जेमतेम आठ. दुकानात शंभर वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर याच्या एक चतुर्थांश पैशांत मिळतो, म्हणून पुष्कळ जण इथेच मागे फिरतात. पण वॅट आणि आवाज यांचं नातं सरळ नाही. एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा साधा स्पीकर घ्या. आठ वॅटला तो ९६ डेसिबल देतो, शंभर वॅटला १०७. वॅट बारापट झाली, फरक अकरा डेसिबलचा. कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. बारा बाय पंधराच्या खोलीत तबल्याची थाप सोडली तर बहुतेक वेळ आपण एक-दोन वॅटवरच ऐकत असतो. म्हणून व्हॉल्व्हच्या मागे लागण्याआधी स्पीकरचा सेन्सिटिव्हिटीचा आकडा पाहावा. नव्वदच्या वर असेल तर निम्मी लढाई जिंकलीत. ८४ चा बुटका, गोंडस स्पीकर आणि आठ वॅटची नळी ही जोडी मात्र जमत नाही. मग सेट कितीही महाग असो.

आता आवाजाचं. ‘व्हॉल्व्हचा आवाज उबदार असतो’ हे वाक्य इतक्यांदा बोललं गेलंय की त्याचा अर्थ विचारायचं कुणाला सुचत नाही. त्यामागे निदान दोन मोजता येणारी कारणं आहेत, आणि दुसरं कारण आपल्या संगीताच्या कानाला चटकन कळण्याजोगं आहे.

पहिलं कारण म्हणजे आउटपुट इंपिडन्स. ८ ओहम असं छापलेला स्पीकर प्रत्यक्षात कधीच सगळीकडे ८ ओहम नसतो. एखाद्या स्वराला तो ६ ओहम असतो, खालच्या अनुनादाच्या जागी ३० ओहमपर्यंत चढतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा विरोध इतका कमी असतो की त्याला या चढउताराची फिकीर नसते. फीडबॅक नसलेल्या नळीच्या सेटचा तो दोन ओहम किंवा त्याहून जास्तही असू शकतो. दोन ओहम धरून गणित करा: ६ ओहमच्या जागी स्पीकरला तीन चतुर्थांश दाब पोचतो, ३० ओहमच्या जागी जवळजवळ चौऱ्याण्णव टक्के. हा फरक दोन डेसिबलचा झाला. म्हणजे हा सेट स्पीकर बघून त्याच्या खालच्या स्वरांत थोडी भर घालतो, कुठे मधल्या स्वरांना उठाव देतो. कुणीतरी गुपचूप टोनचं बटण फिरवून ठेवावं, तसाच हा प्रकार आहे. यामुळेच एकाच अ‍ॅम्प्लिफायरची एकाच्या घरी तारीफ होते आणि दुसऱ्याच्या घरी निराशा.

दुसरं कारण विकृतीचं. इंजिनिअर डिस्टॉर्शनची टक्केवारी मोजतात, पण त्या टक्क्यात काय भरलंय हे जास्त महत्त्वाचं. षड्ज २४० हर्ट्झ धरा. एकाच नळीवर चालणारा सिंगल-एंडेड सेट त्यात मुख्यतः दुप्पट कंपनसंख्या मिसळतो: ४८०, म्हणजे तार षड्ज. तिप्पट ७२०, तो वरचा पंचम. चौपट पुन्हा षड्जच. पाचपट १२००, तो गंधार, तंबोरा नीट लागला की आपोआप कानावर येतो तो स्वयंभू गंधार. सातपट मात्र आपल्या कुठल्याच शुद्ध-कोमल जागेवर धड बसत नाही, आणि त्याच्या वरचे कित्येक तर कानाला नुसते खुपतात. नळीच्या चुका बहुतांशी पहिल्या एक-दोन पायऱ्यांवर होतात, म्हणून स्वर भरीव वाटतो, खोटा वाटत नाही. चूक ती चूकच; पण ती सुरातली चूक आहे.

इथे प्रचारकांची एक गोष्ट खोडून काढायला हवी. ‘नळ्या सम हार्मोनिक देतात, ट्रान्झिस्टर विषम’ असं सर्रास सांगितलं जातं; दुप्पट-चौपट ते सम हार्मोनिक, तिप्पट-पाचपट ते विषम. पण डायनाकोसारख्या पुश-पुल सेटमध्ये दोन नळ्या उलटसुलट जोडलेल्या असतात आणि त्या एकमेकींचे सम हार्मोनिक खोडतात. उरतो तो मुख्यतः तिसरा. म्हणजे ज्या सेटची गोडी लोकांना सर्वांत जास्त माहीत आहे, त्यात तार षड्जाची ती भर जवळपास नसतेच. मग गोडी कशाची? थोडी आउटपुट ट्रान्सफॉर्मरची, थोडी स्पीकरशी जमलेल्या त्या जोडीची, आणि थोडी अंधारात लालसर उजळलेल्या काचेची. शेवटच्या गोष्टीला हसू नये. पाहणं आणि ऐकणं एकाच डोक्यात होतं.

बॉब कार्व्हर या अमेरिकन डिझायनरनं १९८५ मध्ये याची परीक्षाच लावली. ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांनी निवडलेल्या एका बड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज आपण ट्रान्झिस्टरच्या आपल्या सेटमधून काढून दाखवू, असं त्यानं सांगितलं. दोन्ही सेटना एकच सिग्नल द्यायचा, बाहेर येणाऱ्या दोन आवाजांतली वजाबाकी ऐकायची, आणि ती वजाबाकी जवळपास शून्य होईपर्यंत आपल्या सेटमध्ये फेरफार करायचे, अशी त्याची पद्धत होती. काही दिवसांत त्यानं ते साधलं आणि कानसेन संपादकांना फरक सांगता आला नाही. यातून माझ्यापुरता निष्कर्ष इतकाच: नळीत कुठलीही गूढ शक्ती नाही. तिचा आवाज ही मोजता येणारी, उतरवून घेता येणारी चव आहे. ती आवडणं यात लाजण्यासारखं काही नाही आणि मिरवण्यासारखंही नाही.

खरा संसार सुरू होतो तो देखभालीत. नळी झिजते. छोट्या नळ्या पाच ते दहा हजार तास चालतात, ईएल३४ सारख्या पॉवर नळ्या दोन ते पाच हजार. रोज दोन तास म्हणजे वर्षाला ७३० तास. तेव्हा तीन ते सहा वर्षांनी चार पॉवर नळ्यांचा खर्च धरून ठेवावा. काचेच्या टोकाला किंवा बाजूला आरशासारखा चकचकीत डाग असतो, तो बेरियमचा. आत उरलेली हवा शोषून घेण्याचं काम त्याचं. तो डाग दुधासारखा पांढरा पडला की समजावं, काच तडकली, हवा आत शिरली, नळी गेली. बाकी खुणा कानाला कळतात: एका बाजूनं खरखर, आवाज खाली जाणं, नळीवर पेन्सिलीनं हलकं टिचकलं की स्पीकरमधून ठण्ण असा नाद.

आणि बायस. गाणं नसताना नळीतून किती प्रवाह वाहावा हे ठरवणारी ही जुळणी. प्रवाह कमी ठेवला तर आवाज कोरडा, करकरीत होतो. जास्त ठेवला तर प्लेट लाल होऊन नळी जळते. डायनाकोनं यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. एका चॅनेलच्या दोन ईएल३४ चा मिळून प्रवाह १५.६ ओहमच्या एका रेझिस्टरमधून जातो. हवेत एकूण १०० मिलिअँपिअर, म्हणजे त्या रेझिस्टरवर बरोबर १.५६ व्होल्ट. हाच आकडा का? तर टॉर्चच्या कोऱ्या सेलचा दाबही तेवढाच असतो. १९५९ मध्ये घरोघरी चांगले मीटर नव्हते. मालकानं आपला स्वस्त मीटर आधी नव्या सेलवर लावायचा, काटा कुठे थांबतो ते पाहायचं, आणि मग बायसचं बटण फिरवून काटा तिथेच आणायचा. मीटर चुकीचा असला तरी जुळणी बरोबर. या युक्तीतही एक खोट आहेच. दोन नळ्यांचा प्रवाह एकत्र मोजला जात असल्यानं एक ४० आणि दुसरी ६० घेत असली तरी मीटर १.५६ च दाखवतो, आणि साठवाली आतल्या आत भाजत राहते. म्हणून पॉवर नळ्या जुळवलेल्या जोड्यांत घ्यायच्या. शिवाय ५० मिलिअँपिअर हे ईएल३४ ला जरा ताणूनच आहेत; तिची मर्यादा पंचवीस वॅटची. कित्येक मालक ४० वरच समाधान मानतात. नळ्या जास्त टिकतात आणि कानाला काही उणं पडत नाही.

नळ्यांचा बाजार हा स्वतंत्र विषय आहे, आणि मला तो फारसा आवडत नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या न वापरलेल्या नळ्यांना सोन्याचा भाव आहे; भाव आला की खोटा मालही येतो, जुनं नाव पुसून नवं छापणं अगदी सोपं. त्यात नावंही फसवी. इंग्लंडात ब्लॅकबर्नला बनणारी ‘मुलार्ड’ कधीच बंद झाली. आज त्याच नावाची कोरी ईएल३४ रशियातल्या साराटोवमधून येते. नळी वाईट नसते, पण ती आजोबांची मुलार्ड नव्हे. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियातला पुरवठा काही काळ अडला आणि सगळ्यांच्याच किमती चढल्या. डायनाकोची ७१९९ तर आता सहज मिळत नाही; तिथे बहुधा अ‍ॅडाप्टर किंवा वेगळा ड्रायव्हर बोर्ड लावावा लागतो. माझं मत विचाराल तर आजच्या कारखान्यातल्या साध्या नळ्यांचा एक जादा संच घरात ठेवावा आणि उरलेले पैसे स्पीकरवर घालावेत.

आपल्या हवामानाच्या आणि विजेच्याही काही गोष्टी आहेत. नातेवाइकानं अमेरिकेहून आणलेला सेट १२० व्होल्टचा असतो, जपानचा १०० चा. तो आपल्या २३० च्या प्लगला लागला तर पहिल्याच मिनिटात ट्रान्सफॉर्मरचा धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी अमेरिकेचे ६० हर्ट्झ आणि आपले ५०. त्यामुळे सेटमधला ट्रान्सफॉर्मर तिकडच्यापेक्षा जास्त तापतो. २३० च्या सेटलाही वाढीव व्होल्टेज सोसत नाही: भिंतीत २५० आले की ६.३ च्या हीटरला जवळजवळ ६.८५ मिळतात, आणि बहुतेक नळ्यांना दहा टक्क्यांपर्यंतच सूट असते. बऱ्या प्रतीचा स्टॅबिलायझर घ्यावा. पावसाळ्यात, विशेषतः किनाऱ्याकडे, सॉकेटच्या पिना काळवंडतात आणि खरखर सुरू होते. नळी बदलण्याआधी सेट बंद आणि थंड करून ती एकदोनदा काढून बसवून पाहावी. रात्री उबेला येणारी पाल आणि झुरळं ही चेष्टेची गोष्ट नाही, खाली चारशे व्होल्ट असतात. जाळीचा पिंजरा सेटबरोबर आला असेल तर तो माळ्यावर टाकू नका, लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

दोन नियम बाकी कशाहून मोठे. स्पीकरची वायर काढलेली असताना सेट कधीच चालवायचा नाही. ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही तर आतल्या आत ठिणगी उडून तो जातो, आणि नळीपेक्षा तो कितीतरी महाग. दुसरा, प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतका विद्युतभार बराच वेळ राहू शकतो. झाकण उघडून आत हात घालणं हे कामाच्या माणसाचं काम.

नव्यानं घेणाऱ्यानं ईएल८४ नळ्यांचा, स्वतःच बायस सांभाळणारा, दहा-पंधरा वॅटचा पुश-पुल सेट आणि नव्वद डेसिबलच्या वरचा स्पीकर घ्यावा. मीटर आणि बटणांची कटकट नको असेल तर याहून सुखाची सुरुवात नाही. ज्यांच्या माळ्यावर वडिलांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा अ‍ॅम्प्लिफायर धूळ खात पडलाय, त्यांना मात्र एक विनंती. ‘चालतो का बघू’ म्हणून तो थेट प्लगला लावू नका. वीस-तीस वर्षं पडून राहिलेले कंडेन्सर आतून सुकलेले असतात; एकदम पूर्ण दाब आला तर ते फुटतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावात व्हॉल्व्हवर काम केलेला एखादा जुना मेकॅनिक शोधा. तो आधी सिरीज बल्ब लावील किंवा डिमरस्टॅटवर दाब हळूहळू चढवील, गळके कंडेन्सर बदलील, मगच सेट सुरू करील. तोवर प्लग हातात घेऊ नका.